सहा आकडे

"पप्पा, ओटीपी आला का?"

एस्थरची बोटं लॅपटॉपवर तयार होती. व्हिक्टर तुस्कानोच्या हातातला फोन नुकताच वाजला होता. स्क्रीनवर सहा आकडे होते: चार, एक, नऊ, शून्य, सात, दोन. ते वाचून दाखवले, की फी भरली जाऊन इंग्लंडमधल्या त्या नावाजलेल्या विद्यापीठात मुलीची जागा पक्की होणार होती. मुदत आज संध्याकाळी पाचची. साडेतीन वाजले होते. शुक्रवारच्या सुटीची चर्चमधली मिस्सा आटोपून, जेवून, तिघं नईम वस्तीतल्या आपल्या घरी टेबलाभोवती बसले होते.

हा दिवस यावा म्हणून व्हिक्टरने बावीस वर्षं या आखाती देशातल्या बंदरावर क्रेनच्या मेंटेनन्समध्ये काढली होती. लोखंडाला हात लावला तर कातडी सोलून निघावी अशा उन्हात तो वर चढला होता. वसईकडची, भुईगावातली वाडीही याच फीसाठी विकून टाकली होती. खरं तर एस्थरला सखीरच्या सरकारी विद्यापीठातही प्रवेश मिळाला होता. घरापासून अर्ध्या तासावर, आणि फी पाव हिश्शालाही पोचत नव्हती. रेजिनाने, त्याच्या बायकोने, एकदोनदा तो विषय काढून पाहिला.

"आपण इथे व्हिसावर आलेली माणसं," व्हिक्टर म्हणाला होता. "इथली डिग्री घेऊन ती करणार काय? तिला जग बघू दे."

मग इंग्लंडच्या प्रवेशाचा चर्चमध्ये केक कापून तो मोकळाही झाला. गेले चार महिने त्याची मान अभिमानाने नुसती ताठ होती.

आता त्याने मुलीकडे पाहिलं. केसांत पेन्सिल खोचून, एक पाय खुर्चीवर दुमडून ती वाट बघत बसली होती. सप्टेंबरपासून ही खुर्ची रिकामी, एवढंच त्याच्या मनात आलं.

"चार, एक, नऊ," तो म्हणाला, "शून्य... दोन, सात."

शेवटचे दोन आकडे त्याने उलटे सांगितले. आपण असं का केलं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. कोड चुकला होता.

"जाऊ दे, परत मागवते," एस्थर शांतपणे म्हणाली.

रेजिना चहा ठेवायला आत गेली. व्हिक्टरचे कान तापले. न तपासता एका नट-बोल्टच्या कामावरही त्याने कधी सही केली नव्हती, आणि आज पोटच्या पोरीशी खोटं बोलला. तिचं भलं कशात आहे हे कळत असताना, केवळ आपल्याला करमणार नाही म्हणून! त्याला स्वतःची लाज वाटली. दुसरा ओटीपी आला तेव्हा त्याने चष्मा लावला, घसा साफ केला आणि एकेक आकडा सुटा करून सांगितला.

"तीन. आठ. आठ. सहा. एक. पाच."

पुन्हा लाल अक्षरं. आता एकच प्रयत्न उरला होता, त्यानंतर कार्ड ब्लॉक.

व्हिक्टरने फोन डोळ्यांजवळ नेला. आकडे बरोबर होते. तो उठला आणि टेबलाला वळसा घालून तिच्यामागे आला. "सरक. या वेळी मी टाकतो. तू कुठेतरी चुकतेयस."

एस्थरने त्याचं मनगट धरलं.

"चुकत नाहीये, पप्पा. दोन्ही वेळा मुद्दाम चुकीचा टाकला."

रेजिना कप घेऊन दारातच थबकली. व्हिक्टर शेजारच्या खुर्चीत बसला. वाडी विकल्याचं पोरीच्या मनाला लागलंय, अशी त्याची खात्री पटली.

"हे बघ, आमच्यासाठी मन मारायचं नाही," तो म्हणाला. "पैशाची सोय झालीय. आणि खरं सांगायचं तर... पहिल्या वेळी मीही चुकीचाच सांगितला होता."

"काय?" एस्थर डोळे मोठे करून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. "का?"

"तू गेल्यावर करमणार नाही म्हणून. पण ते माझं मी बघेन. तू जायचंस."

"मी तुमच्यासाठी थांबत नाहीये, पप्पा." ती त्याच्याकडे वळून बसली. "मला इथल्या समुद्रावर काम करायचंय. तुब्लीच्या खाडीत खारफुटी आहे ना, तिच्यावर. सखीरच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या आतिका मॅडम त्याचाच अभ्यास करतात. मी दोनदा भेटून आले त्यांना. येत्या वर्षी त्या मला खाडीत सोबत नेणार आहेत."

"मग चार महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता. मला जमलंच नाही."

"पण बाळा," व्हिक्टर म्हणाला, "घरदार सोडून आम्ही या परमुलखात आलो, ते कशासाठी..."

"परमुलखात तुम्ही आलात," एस्थर म्हणाली. "मी इथेच जन्मले. घर सोडायला तर तुम्ही मला सांगत होतात."

रेजिनाने कप टेबलावर ठेवले आणि लॅपटॉप मिटला.

पाच वाजले तेव्हा तिघं गाडीत होते. सुटी असल्यामुळे सखीरचं विद्यापीठ बंद होतं, पण निदान बाहेरून तरी दाखव, असा व्हिक्टरचाच आग्रह होता. पुढच्या सीटवरून एस्थर रस्ता सांगत होती, कारण बावीस वर्षांत त्या फाटकापाशी तो एकदाही थांबला नव्हता.