सुलतानची अंडी

प्राण्यांच्या निवाऱ्यातली लाली कुत्री वाचली, तर धनराजअण्णांचा फायदा ठरलेला होता. रक्त देणारा म्हणून त्यांच्या सुलतानचा फोटो भालकी गावभर फिरणार आणि त्याच्या पिल्लांना मागणी येणार. गोचीडतापानं लाली निपचित पडली होती, तिला आजच रक्त चढवायला हवं होतं. "आमचा वाघ देईल की!" म्हणत अण्णा आपला अल्सेशियन घेऊन हजर झाले.

डॉक्टरांनी सुलतानचं रक्त तपासलं. "अण्णा, ह्याच्याच अंगात रक्त कमी आहे. खायला काय घालता?"

"रोज सहा अंडी!" अण्णा उखडले. "दुकानाला निघताना पिशवी दारात ठेवतो, बायको घालते."

लालीचे डोळे मिटायला लागले. तिची सेवा करणाऱ्या मैत्रेयीला स्वस्थ बसवेना. "अण्णा, तुमच्या भिताडामागचा भुऱ्या कुत्रा आणू का?"

"ते उकिरड्यावरचं? मी रोज दगड मारून हाकलायलोय त्याला!"

मैत्रेयीनं तोवर स्कूटी काढली होती. भुऱ्याला तपासून डॉक्टर हसले, "हा तर पैलवान निघाला!" थोड्या वेळानं लालीच्या नळीत थेंब पडू लागले.

अण्णांनी घरी फोन लावला. "सुलतानला अंडी घालायलीस न्हाई का गं?"

"गळ्यात माळ हाय माझ्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "अंड्याला हात कशी लावू? त्याला दूध-भाकरी घालते. पिशवी काठीनं उचलून भिताडापलीकडं टाकायलेय."


लालीला वाचवलं अण्णांच्याच अंड्यांनी. उपास तेवढा सुलतानच्या नावावर लागला.