शेवाळाचं सूप

"आई, शेवाळाचं सूप कर ना!" आपल्या खोलीतून तेहो ओरडला आणि आईच्या हातातला डाव खाली पडला. नोकरी शोधणाऱ्यानं ते समुद्री शेवाळाचं बुळबुळीत सूप प्यायलं, की मुलाखतीत घसरलाच म्हणून समजा, हे कोरियातल्या अख्ख्या बुसान शहराला ठाऊक. त्यामुळे वाढदिवसाला हेच सूप करायची रीत असूनही तीन वर्षं पोराच्या वाढदिवसाला तिनं ते केलं नव्हतं. आज हा स्वतःहून मागतोय!

"लागली? लागली ना रे?" ती धावली. आठ महिने याच दाराबाहेरून ती भरलेलं ताट जवळजवळ तसंच परत नेत होती. आज दार उघडं होतं.

"नोकरी कुठली, आई! भूक लागलीय."

आई तशीच अनवाणी शेजारी पळाली. "अहो बोरामची आई, लागली! माझ्या तेहोला भूक लागली!"