तक्रारपेटीची किल्ली

गोळीबाराला आठवडा उलटला, तेव्हा कुठे कारखान्याला तक्रारपेटीची आठवण झाली. किल्ली कुणाकडे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती निघाली स्टोअरकीपरच्याच जुडग्यात, पाच वर्षं गंजत पडलेली. पेटीत तेरा चिठ्ठ्या, सगळ्या एकाच अक्षरातल्या: ज्यानं सहा जणांना गोळ्या घातल्या, त्या पॅकिंगवाल्याच्या. 'माझा डबा कचऱ्यात टाकतात.' 'मला गोदामात कोंडून हसतात.' 'सगळ्या किल्ल्या स्टोअरवाल्या काकांकडे असतात, ते वाचतील.' शेवटची: 'काकाही वाचून गप्प बसले.' "म्हणून काय माणसं मारायची?" मॅनेजर कडाडले. "सहा घरं उघड्यावर पडली!" "नाही हो साहेब," स्टोअरकीपर पुटपुटला, "मारायची नाहीतच. पण मी पेटी एकदाही..." संध्याकाळी ठराव झाला: प्रत्येक मजल्यावर नवी तक्रारपेटी. शिपायानं चार किल्ल्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "काका, जुडग्यात अडकवून टाका."