जवळची बाई

गेलं सालभर हॉलिसच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जात होतं. आधी पोरांची नावं गेली, आणि आता तर तो एनिडकडे, म्हणजे सख्ख्या बायकोकडे, घरी आलेल्या पाहुणीकडे बघावं तसा बघायला लागला. म्हणून त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला एनिडनं त्याला त्रिनिदादहून बोटीत घातला आणि टोबॅगोला आणला. लग्न झाल्यावर दोघं इथंच आली होती. हा समुद्र बघून तरी आपण त्याला आठवू, एवढीच तिची आस.

खेकडे हाणून झाल्यावर टँटी पर्लनं, म्हणजे खानावळवाल्या मावशीनं, केक मांडला आणि ओरडली, "अगं म्हातारे, लाजतेस काय नव्या नवरीसारखी? धर त्याच्याबरोबर सुरी!"

आमच्या या बेटांवर वाढदिवसाचा केक असाच, जोडीनं कापायचा, आणि सुरी बरबटली की मुका द्यायचा. दोघांनी मिळून सुरी खुपसली, ती बरबटून वर आली, आणि रिवाजाप्रमाणे सगळी खानावळ बोंबलली, "मुका! जवळच्या बाईचा मुका घे!"

हॉलिसनं एनिडकडे नीट बघितलं आणि तरुणपणी हसायचा तसा गालात हसला. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून असा झकास मुका घेतला, की एनिडला रडूच फुटलं. आठवलं गं बाई याला!

तो तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला,



"बाई, हात जोडतो, हे आमच्या एनिडला सांगू नका हं. लई जीव लावते ती मला."