आठांची जागा

“आठच्या वर ही कुणाला घेणार नाही, मावशी. नवव्याला दारातच उभं करते,” मेकॅनिक कॉम्प्युटरच्या मागे बोट दाखवत म्हणाला. तिथे अंगठ्याएवढी वायफायची यूएसबी काडी लुकलुकत होती.

“माझा लेक लावून गेला ती. चांगली चालते की.”

“चालते. पण हिचं मूळ काम नेट पकडायचं, तुम्ही तिला वाटायला बसवलंय. हिच्या चिपमध्ये आठांपुरतीच जागा. सेटिंगमध्ये कितीही डोकं आपटलं तरी वाढायची नाही. उद्या खरा राउटर आणतो.”

“उद्या नाही चालायचं. चारला शिक्षिका येतेय.”

शिक्षिका वरची रिकामी खोली बघायला येणार होती. ती घरूनच ऑनलाइन वर्ग घ्यायची, त्यामुळे लॅपटॉपला नेट लागलं तरच राहणार होती. याआधी दोघीजणी नेट लागत नाही म्हणून आल्या पावली परत गेल्या होत्या. ही तिसरी तरी जाऊ नये असं मावशींना फार वाटत होतं. साडेतीन वाजून गेले होते.

मेकॅनिकने जोडलेल्यांची यादी उघडली. मोठा, सूनबाई, धाकटी, जावई, चिमणी, बंड्या, पिल्लू. सगळ्यात शेवटी ‘हे’.

“घर भरलंय की तुमचं! भर दुपारी आठही जण चिकटलेत. आवाज मात्र कुणाचाच नाही.”

“हल्ली घरात कोण बोलतं, बाबा?”

ते मेकॅनिकला पटलं. त्याच्या घरी तर जेवायला बसा हेसुद्धा फोनवरच कळवावं लागे.

“एकाला काढतो थोडा वेळ. कळणारही नाही,” असं म्हणून त्याने माऊस हलवला. मावशींनी झटकन त्याचा हात धरला.

“थांब. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. चालू लाइन विचारल्याशिवाय तोडायची नाही.”

“मग विचारा. पण जरा लवकर.”

मावशी आतल्या खोलीत गेल्या. दार अर्धवट लोटलेलं होतं. त्यांचा जुना ऑपरेटरचा आवाज बाहेर ऐकू येत होता, गोड आणि नेमका.

“मोठ्या, तुझी नको, तुला कामाचे फोन असतात. धाकटे, तुझी नकोच, तू लगेच रुसशील.” मग आवाज जरा खाली आला. “अहो, तुमची सोडू का? तुम्हीच समजून घ्याल.”

यादीतलं ‘हे’ गेलं.

चारला पाच कमी असताना शिक्षिका आली. लॅपटॉप पहिल्याच फटक्यात जोडला गेला. ती वरची खोली बघून आली आणि सामान कधी आणू म्हणून विचारू लागली.

“आजच आण,” मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

“काकांना थँक्यू सांगा माझ्याकडून,” मेकॅनिक बॅग भरत म्हणाला.

“सांगते हो.”

दोघं गेल्यावर मावशी आत आल्या. टेबलाचा खण तसाच उघडा राहिला होता. नवे घेताना एकेकाने इथे टाकून दिलेले सात जुने फोन त्यात ओळीने चार्जिंगला लावलेले होते. आठवा, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचा, आज पहिल्यांदाच बंद होता.