फणसाखालचा हंडा

बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून नितेश तांब्याच्या हंड्याला लाल माती फासत होता. हंडा घाटकोपरच्या भंगारवाल्याकडचा, माती सोसायटीच्या कुंडीतली.

“बाबांना कळलं तर वाट लागेल हां,” त्याची बायको श्रुतिका म्हणाली.

“कसं कळेल? खरा हंडा बघितलाय कुणी?”

ते खरंच होतं. पणजोबांनी गावच्या फणसाखाली हंडाभर मोहरा पुरल्या, एवढंच घरात सांगत आणि सांगणाऱ्यागणिक मोहरा वाढत. आजी गेल्यावर तिच्या दोन्ही मुलांनी, दत्ताराम आणि बाळा यांनी, मिळून खणलं. निघाले नुसते दगड. दत्ताराम मुंबईत गिरणीत, गावात एकटा बाळा. “कुंपणानंच शेत खाल्लं,” दत्ताराम म्हणाले आणि भावाशी बोलायचे बंद झाले. पुढे गिरणी बंद पडली, बरोबरचे गावी परतले. दत्तारामांनी मात्र पोटाला चिमटा काढून बोरीवलीत घर घेतलं. बापाच्या या जिद्दीचा नितेशला फार अभिमान होता.

आता बाळाकाका मानखुर्दला मुलीकडे अंथरुणाला खिळले होते. “माका एकदा दादाक बघूचां आसा,” एवढंच म्हणत. ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, त्या काकांचं हे बोलणं नितेशला ऐकवत नसे. आणि दत्ताराम चोराचं तोंड बघायला तयार नव्हते.

दुपारी दत्ताराम जेवायला बसले. श्रुतिकाने काचेच्या नव्या बाटलीतलं लोणचं पुढे केलं. त्यांनी बाटली बाजूला सारली आणि तोंडाशी टवका उडालेली जुनी बरणी ओढली.

“बाबा, ही टाकूया ना आता.”

“ऱ्हवांदे.”

सासूबाई होत्या तेव्हा त्यांनाही हेच उत्तर मिळायचं. माणसं म्हातारी झाली की कशाला चिकटून बसतील, सांगता येत नाही.

नितेशने हंडा आणून समोर ठेवला.

“बाबा, गावाहून आलाय. विहिरीपाशी खणताना मिळाला. आजीनं सांगितलेली जागाच चुकीची होती. आत बघा, नुसते ढब्बू पैसे. मोहरा कधी नव्हत्याच. काकांनी काही घेतलं नाही, बाबा. चला ना मानखुर्दला.”

दत्तारामांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी डावा हात हंड्याच्या कडेवरून फिरवला. बोटांना माती लागली. ती त्यांनी निरखून पाहिली.

“बाळा बोलता अजून?”

“बोलतात. तुमचंच नाव घेतात.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जमलं, नितेशला वाटलं. खोटा का होईना, हंडा कामाला आला. तो चप्पल घालायला उठलासुद्धा.

“हंडो नव्हतो रे,” दत्ताराम म्हणाले. “बरणी होती.”

उष्ट्या हातानेच त्यांनी समोरची बरणी श्रुतिकाकडे सरकवली.

“लोणचां काढून धू गो ही. बाळाक नेऊन दाखवतंय.”