डावी पुडी
दवाखान्यातली ड्यूटी संपवून दिपाली आर्णीतल्या बेबीताईंकडे लेकीला न्यायला आली, तेव्हा तीन वर्षांची ईशानी पखवाजापाशी मांडी घालून बसली होती. डाव्या पुडीचं कातडं फाटलं होतं आणि तिचा हात कोपरापर्यंत आत गेला होता. पखवाज बेबीताईंच्या मालकांचा. पंचक्रोशीतल्या कीर्तनांत तो घुमायचा. ते जाऊन सात वर्षं झाली, तरी दर एकादशीला बेबीताई वाजवण्याआधी लावतात तशी डाव्या पुडीला ओली कणीक लावायच्या, हात जोडायच्या आणि कुणी न वाजवताच संध्याकाळी ती खरडून गाईला घालायच्या. आजही एकादशीच होती. "बेबीताई, माफ करा हो. पुसदला नेऊन नवी पुडी बसवून आणते, सगळा खर्च माझा," दिपाली ओशाळून म्हणाली. "तू कायले भरतं माय? तिचं ती भरून राह्यली," बेबीताई हसल्या. "सात वर्षं मी कणीक लावत राह्यली, पण त्यायच्या साथीले कोणी बसलंच नाही. आज ही बसली." दिपालीनं लेकीचा दंड धरून ओढला. हात बाहेर येईना. ईशानी खुदकन हसली, "आई, आजोबा टाळी देतात." मग दिपालीलाही ऐकू आलं. पखवाजाच्या आत, अगदी हळू, कुणीतरी त्या इवल्या तळहातावर बोटांनी ठेका धरला होता. "ओढू नको वं," बेबीताई डोळे मिटून म्हणाल्या, "अभंग अर्धा राह्यला तं त्यायले खपत नाही."